मठ्ठ होण्याची शिकवणी

सामन्याआधी आमच्या ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात एक बादली ठेवलेली असायची. ओकायला. ज्याच्या पोटात ढवळेल त्याने तिथं जाऊन मोकळं व्हायचं, तोंड पुसायचं आणि मैदानात धावायचं. ब्रेट ओल्ड्रॉइड तेरा हंगाम त्या बादलीत ओकला. बाहेर पाच हजार माणसं त्याच्या नावाने घसा फोडत असायची आणि आत हा गुडघे टेकून सकाळची अंडी परत करत असायचा. आमच्या हॅगथॉर्प गावातल्या लोकांना हे सांगितलं की ते कौतुकाने माना डोलावतात. मला आता त्या वासाच्या नुसत्या आठवणीने शिसारी येते. आणि त्याहून जास्त शिसारी याची येते, की एके काळी तो वास मला आवडायचा.

मी वेन सग्डन. ब्रेट आणि मी दोघंही प्रॉप. रग्बी लीगमध्ये तेरा जण खेळतात, त्यात प्रॉपचं काम सांगायला अगदी सोपं. चेंडू छातीशी धरायचा, समोर उभ्या असलेल्या तिघांच्या अंगावर जायचं, आपटायचं, उठायचं, पुन्हा जायचं. चेंडू त्यांच्याकडे असला की ते येतात आणि आपण त्यांना आपटायचं. चपळ पायांची मंडळी कडेने पळतात आणि पेपरात त्यांचे फोटो येतात. आम्ही मधल्या चिखलात. एका दुपारीत डोकं चाळीस वेळा कुठे ना कुठे लागतं. कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या कोपरावर, बऱ्याचदा आपल्याच माणसाच्या डोक्यावर.

ब्रेट आमच्यात आला तेव्हा एकोणीसचा होता, मी चोवीसचा. अंगाने दरवाजाएवढा, पण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं की या माणसाचं डोकं काही वेगळंच आहे. कोच फळ्यावर एकदा डाव काढायचा आणि ब्रेटला तो पाठ. आमचे असे चाळीस डाव होते. मी सहा वर्षं खेळून त्यातले निम्मे विसरत होतो. ब्रेटचे वडील बस चालवायचे, त्यामुळे हॅगथॉर्पच्या सगळ्या बसचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ. त्यावरून आम्ही त्याला पिडायचो.

"काय रे ब्रेट, बत्तीस नंबर, रविवारी, स्मशानापाशी?"

"दहा सत्तावीस," तो बुटाची नाडी बांधता बांधता सांगायचा. "नंतर अकरा सत्तावीस. पण तुला कसली घाई, तुला तर तिथेच राहायचंय."

अशा माणसाला मठ्ठ व्हायला मी शिकवलं. एका सकाळीत शिकवलं.

दर जानेवारीत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, क्लबचे डॉक्टर टेट प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा घ्यायचे. दहा शब्द वाचून दाखवायचे आणि पाच मिनिटांनी परत म्हणायला लावायचे. आकडे उलटे म्हणायचे. एका पायावर उभं राहायचं. जे काय जमेल ते कागदावर. हा झाला तुमच्या धडधाकट डोक्याचा कागद. मग सामन्यात डोक्याला मार बसला की आत नेऊन पुन्हा तीच परीक्षा. जानेवारीपेक्षा कमी पडलात तर त्या दिवसाचा खेळ संपला, पुढचे दोन-तीन सामनेही गेले, आणि तुमची जागा दुसऱ्याने घेतली. जानेवारीएवढं जमलं तर घोटभर पाणी प्यायचं आणि परत मैदानात.

आता यावर उपाय काय, हे शेंबडं पोरही सांगेल. जानेवारीतच कमी पडायचं. आमच्याकडे हे सगळेच करायचे. मला माझ्या वेळच्या एका थोराड प्रॉपने शिकवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्याने. नव्या माणसाला शिकवायचं काम त्याच्या जोडीदाराचं, म्हणून ब्रेट माझ्या वाट्याला आला. चहाचे मग घेऊन आम्ही बाकावर बसलो, मी दहा शब्द वाचले. त्याने दहाही म्हणून दाखवले. मग उलटेही म्हणून दाखवले.

"चार सांग," मी म्हटलं.

"पण मला दहा येतात."

"येतात ते मला कळलं, शहाण्या. चार सांग."

"कुठले चार?"

"पहिले दोन, शेवटचे दोन. मधले विसर. आणि धडाधड सांगू नकोस. जरा छताकडे बघ. तोंड थोडं उघडं राहू दे."

"असं?"

"अजून जरा मठ्ठ."

"तुझ्यासारखं म्हणजे?"

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. मग त्याने हळूच विचारलं, "पण वेन, खरंच जोरात लागलं असलं तर?"

"तर काय? चारच सांगायचे."

दुपारी त्याने टेटसमोर चार शब्द सांगितले. एवढे छान सांगितले की बाहेर आल्यावर आम्ही त्याला टाळ्या दिल्या. टेट काही आंधळे नव्हते. सगळ्या फॉरवर्ड्सचे, म्हणजे आम्हा पुढच्या फळीतल्यांचे, कागद गोळा करताना ते म्हणाले, "या क्लबला एवढे ढ नेमके सापडतात कुठे?" आणि सही केली. त्यांचं ते वाक्य आमच्याकडे पुढे कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगितलं जायचं.

तेरा हंगाम, दोनशे एक्याण्णव सामने. त्यात टेटनी ब्रेटला अकरा वेळा आत नेलं आणि अकराही वेळा तो चार शब्द सांगून परत आला. लोक उभे राहून ओरडायचे. हॅगथॉर्पमध्ये मार खाऊन परत येणाऱ्या माणसाइतकं प्रेम दुसऱ्या कुणाला मिळत नाही. बायकोवरही लोक एवढं करत नाहीत.

आमच्याकडे ईस्टरला चार दिवसांत दोन सामने असतात. शुक्रवारी शेजारच्या गावाशी, सोमवारी आणखी कुणाशी तरी. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि माणसाच्या शरीराला ते झेपत नाही हेही पिढ्यान् पिढ्या सगळ्यांना माहीत आहे. एका ईस्टरच्या शुक्रवारी ब्रेट टॅकलला, म्हणजे समोरच्याला पाडायला, खाली वाकला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उताणा पडला. दोन्ही हात वर ताठ उभे राहिले, बोटं वाकडी.  मी तेव्हा बदली होऊन बाहेर बसलो होतो, म्हणून त्याला आत न्यायला मी हात दिला आणि दाराशी थांबलो. टेटनी शब्द वाचले. ब्रेट छताकडे बघत राहिला, तोंड थोडं उघडं. मग चार शब्द म्हणाला. त्याने ते चार निवडले होते की त्याच्याकडे तेवढेच उरले होते, हे मला आजही सांगता येणार नाही. टेटनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तो परत गेला, आणि सोमवारीही खेळला.

मंगळवारी बर्फाच्या पाण्यात बसलेलो असताना त्याने मला विचारलं, "शुक्रवारी कोण जिंकलं रे?"

मी एवढा हसलो की पाणी नाकात गेलं. मग मी ते सगळ्यांना सांगितलं.

बत्तिसाव्या वर्षी मानेने साथ सोडली आणि ब्रेट थांबला. क्लबने त्याला त्याचाच शर्ट काचेत मढवून दिला. फरशांच्या गोदामात नोकरी लागली, ती आठ महिन्यांत गेली. मागणी एक असायची, हा माल दुसराच काढायचा, आणि कुणी बोललं की खोकी फेकायचा. ज्याला सगळ्या बस पाठ होत्या, तो एकदा बसथांब्यावर दोन तास बसून राहिला, कारण कुठली बस घरी जाते ते आठवेना. धाकट्या मुलीला पोहायला नेलं आणि तिथेच विसरून आला. चिप्स तळायचं तेल चुलीवर तापत ठेवून झोपला, पडदे जळाले. त्याची बायको जनीन केशकर्तनालयात कामाला होती. तिने ते काम सोडलं, कारण आता त्याला घरात एकटं ठेवता येत नव्हतं. गावात लोक म्हणायचे, खेळ सुटला की काहींचं असंच होतं, प्यायला लागले असतील. ब्रेट पीत नव्हता.

मी हे सगळं ऐकून होतो. मी तोवर क्लबचा फॉरवर्ड्सचा कोच झालो होतो, क्लबचा ब्लेझर घालत होतो. ऐकून होतो, एवढंच.

रविवारच्या सामन्याआधी क्लबमध्ये पैसेवाल्या पाहुण्यांचं जेवण असतं. जुन्या खेळाडूंना बोलावतात, ते टेबलाटेबलावर जाऊन गमती सांगतात. त्या रविवारी ब्रेटला बोलावलं होतं. रोस्ट बीफ, वर दाट ग्रेव्ही, क्लबचा टाय. ब्रेट उठला आणि त्याने ईस्टरची गोष्ट सांगितली. शुक्रवारी कोण जिंकलं, ती. लोक खो खो हसले. तो बसला, त्याने दोन घास खाल्ले, उठला आणि तीच गोष्ट पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगितली. लोकांना वाटलं हीच तर गंमत आहे. आणखी जोरात हसले. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा एकाने हसता हसता ग्रेव्ही शर्टावर सांडली आणि डोळे पुसत म्हणाला, "हा गडी काही बदलला नाही." मी टेबलाच्या टोकाला होतो. मीही दात काढले. दाराशी जनीन त्याचा कोट हातात घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती सरावाच्या मैदानावर आली आणि माझ्या गाडीच्या टपावर कागद पसरले.

"वाच."

टेटचे तेरा कागद होते. एकोणिसाव्या वर्षी चार शब्द. चोविसाव्या वर्षी चार. एकतिसाव्या वर्षी चार. आणि सगळ्यात वर, मेंदूच्या डॉक्टर फार्नेल बाईंचा गेल्या आठवड्यातला कागद. चार.

"त्या म्हणतात, सोळा वर्षांत काही फरकच नाही," जनीन म्हणाली. "मेंदूच्या फोटोत किंचित काहीतरी दिसतं, पण तेवढ्यावरून त्या लिहून देत नाहीत. आजार आहे असं लिहून दिलं तर त्याला दिवसभर सांभाळणारी जागा मिळते, आठवड्यातले चार दिवस. जागा राखून ठेवलीय. नाही दिलं तर तो नुसता आळशी आणि तापट माणूस. वेन, लग्नात ऐंशी पाहुणे होते. त्याने प्रत्येकाला नावाने हाक मारली होती, माझ्या आत्याच्या कुत्र्यालासुद्धा."

"मला माहितीये."

"मग जाऊन त्यांना सांग."

"बघतो मी."

"काय बघतोस? काल पोट भरून बघितलंस ना?"

मी हेड कोच लॉकवुडकडे गेलो. तो मांस भरलेली गरम पेस्ट्री खात होता आणि बोलतानाही खायचा थांबला नाही.

"सांगायचं तर सांग, बाबा," तो म्हणाला. "पण एकाचा कागद खोटा निघाला की सगळ्यांचे उघडणार. या जानेवारीचेसुद्धा. या जानेवारीत नव्या तिघांना कुणी शिकवलं?"

मी शिकवलं होतं.

"मग झालं तर. आणि कोचिंग सोडून तुला दुसरं येतं काय, वेन?" हनुवटीवरचा रस्सा त्याने बोटाने पुसला आणि बोट चाटलं. मला त्याच्या थोबाडाची किळस आली, पण मी मान डोलावून बाहेर आलो. आठ दिवस मी काही केलं नाही. जनीनचे फोन उचलले नाहीत. माणूस स्वतःला किती दिवस सहन करू शकतो याचं उत्तर आठ असावं.

नवव्या दिवशी ब्रेट सरावाला आला. जुनी चड्डी, बूट, दातांचा गार्ड हातात. जनीनचा डोळा चुकवून दोन मैल चालत आला होता.

"उशीर झाला का?" त्याने मला विचारलं. "आज कुठले डाव घेतोयस?"

तरणे खेळाडू हसायला लागले. लॉकवुड म्हणाला, "शर्ट द्या त्याला, पळू दे एक फेरी. मोबाईल काढा कुणीतरी, लोकांना आवडेल." आणि कुणीतरी खरंच मोबाईल काढला. ब्रेट त्यांच्यासमोर धावला, जमिनीवर पडून उठला, पुन्हा धावला, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या खांद्यावर माझं जाकीट टाकलं आणि त्याला घरी नेलं. जनीनला म्हटलं, "गुरुवारी डॉक्टरांकडे येतो मी."

गुरुवारी सकाळी अकराला आम्ही तिघं फार्नेल बाईंसमोर बसलो. मी सगळं सांगितलं. चहाचा मग, दहा शब्द, छताकडे बघायचं, तोंड उघडं ठेवायचं. सांगताना मला पहिल्यांदाच कळलं की यात गमतीचं काहीच नव्हतं.

"म्हणजे हे तेराही कागद खोटे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"शिकवलं कुणी?"

"मी."

"लेखी द्याल?"

"आत्ता देतो."

जनीनने पर्समधून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. फार्नेल बाई ब्रेटकडे वळल्या. "मिस्टर ओल्ड्रॉइड, मित्र प्रेमापोटी काहीही सांगू शकतात. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्हाला जास्त शब्द आठवत असताना तुम्ही मुद्दाम कमी सांगत होतात का?"

ब्रेट खुर्चीत ताठ बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत त्याची नजर अशी स्वच्छ मी पाहिली नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

"ब्रेट," जनीन म्हणाली.

"नाही म्हटलं ना. मी कधी फसवाफसवी केली नाही. मी पहिल्यापासूनच ढ. माझ्या आईला विचारा, शाळेत विचारा. वेन मनाचा मोठा आहे, माझ्यासाठी खोटं बोलतोय."

बाईंनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि तेही हसून, विनयाने, सामन्यानंतर पत्रकारांना सांगायचा तसं. मी म्हटलं, "अरे लेका, तुला दहा यायचे. उलटेसुद्धा यायचे." त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

फार्नेल बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाल्या, की एक माणूस एक सांगतोय, खुद्द रोगी दुसरं सांगतोय, अशा वेळी जुने कागद बाजूला ठेवून काही ठरवणं त्यांना जमणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर ती राखून ठेवलेली जागा राहणार नाही, हे त्यांनी जनीनकडे न बघता सांगितलं.

बाहेर गाड्या लावतात तिथे ब्रेटने माझी बाही धरून मला बाजूला ओढलं.

"मी काही कबूल केलं नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तू निर्धास्त राहा. तुझी नोकरी जाणार नाही."

जनीन तीन पावलांवर होती. तिने ऐकलं.  तिने त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला, दार बंद केलं आणि मग माझ्याकडे वळली.

"एका सकाळीत शिकवलंस ना त्याला?" ती म्हणाली. "आता सहा महिने आहेत. उलटं शिकव."

नोकरी शुक्रवारीच गेली. मी लेखी दिलेलं क्लबपर्यंत पोचलं होतं. लॉकवुडने हातही मिळवला नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

आता मी रोज दुपारी ब्रेटच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. जनीन पाठमोरी भांडी घासत असते. मी त्याला सांगतो, "ब्रेट, ऐक. डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगायचं. आपण मुद्दाम कमी सांगायचो. तुला सगळे यायचे." तो मन लावून ऐकतो. मग माझ्यामागून शब्द न् शब्द म्हणतो, "खरं सांगायचं. आपण मुद्दाम कमी सांगायचो. मला सगळे यायचे." अगदी बरोबर म्हणतो. आणि मग जनीनचं लक्ष नाही ना हे बघून मला डोळा मारतो.